अधिक वैशाखातले तळाचे मासे

धोंड्याचा महिना यंदा भाद्रपदात आला आहे. बाळंतिणींचे नातेवाईक अनारशांचे डबे घेऊन येतात. बहुतेक अनारसे जावयाकडे जायचे असतात, चार-दोन नर्सबाईंसाठी काढून ठेवलेले असतात. मला अनारसे फारसे आवडत नाहीत. जाळी नीट पडली आहे का तेवढं बघते आणि डबा गंगव्वाच्या हवाली करते. गंगव्वा आमच्या सूतिकागृहाची आया. अक्कलकोटकडची आहे, आणि अनारसा समोर आला की तिला सोमवारचा उपासही आठवत नाही.

हवा बरी आहे. पडवीत बसलं तर अंगाला वारा लागतो. अशा दिवसांत मागचा अधिक महिना आठवायचं काही कारण नव्हतं. पण काल एक पोक्त बाई पडवीतल्या माशांच्या काचेच्या पेटीपाशी उभी राहिली, पदराची गाठ सोडू लागली आणि म्हणाली, "बाई, अधिक महिना आहे. ह्यांना कणकेच्या चार गोळ्या घालू का?"

मी म्हटलं, "घाला. नंतर पेटी तुम्हीच धुवा."

तिने गाठ पुन्हा बांधली. तेव्हापासून मात्र तो अधिक वैशाख डोक्यातून जात नाही.

सोलापूरचा वैशाख एक महिना असतो तेव्हाच पुरेसा असतो. त्या वर्षी तो दोन महिने होता. दुपारी नळाला येणारं पाणी हाताला चटके द्यायचं. गल्लीत मागवाल्यांनी रंगवून वाळत टाकलेलं सूत एवढं कडक व्हायचं की ते काढताना खसखस आवाज यायचा. गिरणीच्या भोंग्यानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसे. आम्ही दारांना गोणपाटाचे ओले पडदे लावायचो, आणि ते पाच मिनिटांत वाळायचे.

त्याच पडद्यांतलं एक गोणपाट मी माशांच्या पेटीला गुंडाळत असे. पेटी एका साहेबाची. तो विलायतेला परत गेला तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात आमच्या डॉक्टरीणबाईंनी ती घेतली. वाट बघत बसलेल्या बायकांना आणि त्यांच्या पोरांना काहीतरी बघायला असावं, म्हणजे ती आत डोकावणार नाहीत, असा त्यांचा हिशेब. तो बरोबर निघाला. लोखंडी चौकट, चारी बाजूंना काच, तळाला काळ्या पाटीचा दगड. साहेबाचे तांबडे-सोनेरी मासे तिच्यात होतेच. त्यांत भोयाने हिप्परग्याच्या तलावातून चंदेरी बारकी मासोळी आणून टाकली आणि थोडी शिंगटी. शिंगटी म्हणजे मिश्यांचे, बिनखवल्यांचे, तळाला पोट टेकून राहणारे मासे. रंग चिखलासारखा. पाहुणे सोनेरी माशांकडे बघत. शिंगट्यांकडे कोणी बघत नसे, आणि शिंगट्यांना तेच हवं असायचं.

पेटी सांभाळण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण ते दुसऱ्या कोणाकडे जाईना. करता करता कळत गेलं. साहेबाने तळाला शोभेची खडी घातली होती, तांबडी आणि टोकदार. शिंगटी दिवसभर मिश्यांनी तळ चाचपतात. त्या खडीवर घासून त्यांच्या मिश्या आखूड झाल्या होत्या. मी खडी काढून कुंडीत टाकली आणि सीना नदीची बारीक वाळू आणवली, पाणी नितळ येईपर्यंत धुतली. उजेड त्यांना सोसत नाही म्हणून फुटक्या माठाची खापरं पालथी घातली. त्यांना खायला दिवेलागणीला टाकायचं. आधी टाकलं तर वरचेच खाऊन टाकतात. आणि टाकायचं थोडं. वरून पडलेलं सगळं शेवटी तळाला येतं, आणि तळाला जे कुजतं त्यात पहिलं तोंड तिथे राहणाऱ्याचं असतं. वरचे मासे मजेत हिंडत असतात तेव्हा खाली दुखणं सुरू झालेलं असतं. एकच खूण लक्षात ठेवायची: तळाचा मासा वर येऊन तोंड उघडू-मिटू लागला, की उशीर झाला आहे.

त्या महिन्यात सत्यम्मा आमच्याकडे पडून होती. विणकराची सून, घरात तेलुगू बोलणारी, वयाने अगदी लहान. पहिलं मूल पोटातच गेलं होतं. या खेपेला पायांवर सूज, चेहऱ्यावर सूज. डॉक्टरीणबाईंनी तिला घरी जाऊ दिलं नाही. डाव्या कुशीवर निजायचं, मीठ बंद, उठबस बंद आणि मनाला घोर लावायचा नाही. सूज चढत गेली की झटके येतात. झटके आलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. आई आणि मूल दोन्ही डोळ्यांदेखत हातचे जातात. म्हणून तिची खाट पडवीच्या खिडकीशी, सगळ्यांत गार जागी लावली होती. खिडकीतून पेटी दिसायची.

मीठ बंद म्हणजे सोलापूरच्या माणसाला जन्मठेप. एकदा तिच्या उशीखाली कडक भाकरीचा तुकडा आणि पुडीत शेंगांची चटणी सापडली.

"हे काय?"

"वास घ्यायला ठेवलंय, बाई," ती म्हणाली. "खाल्लं न्हाई. बघा, पुडी तशीच हाय की."

पुडी खरोखर तशीच होती. मी ती गंगव्वाला दिली. गंगव्वाने वास घेतला नाही, सरळ खाल्ली.

सत्यम्माची सासू लक्ष्मम्मा. रोज सकाळी घरातलं उरकून यायची, हातांची बोटं सुताच्या रंगाने निळीजांभळी. खरखरीत आवाज, झपाझप चाल. सुनेला ती प्रेमाने काही म्हणाल्याचं मी ऐकलं नाही, पण तिचे पाय मात्र तासन्‌तास चेपत बसायची. एकदा मी खोलीत शिरले तेव्हा ती सुनेला खिडकीतून बोट दाखवत होती. खापराखालच्या सगळ्यांत मोठ्या शिंगट्याकडे.

"त्याला रोज घास देते मी. नवस केलाय. ती चेपा खाली गप बसलीय तवर तुझं बी पोटातलं गप बसंल. समजलं?"

चेपा म्हणजे मासा. सत्यम्मा मान हलवून त्या माशाकडे बघत राहिली. मी लक्ष्मम्माला बाहेर घेतलं.

"अहो, पोराची गाठ माशाच्या शेपटीला कशाला बांधलीत? मासा मेला तर?"

"मरंल कसा? मी खाऊ घालते की!"

तिच्या खाऊ घालण्याची गोष्ट अशी की ती एकटी नव्हती. अधिक महिन्यात तेहेतीसचं दान. कोणी तेहेतीस अनारसे देतं, कोणी तेहेतीस सुपाऱ्या. ज्यांना ते परवडत नाही त्या बायका कणकेच्या तेहेतीस गोळ्या वळून जळचरांना घालतात. एरवी सिद्धेश्वराच्या तळ्यावर जात. त्या उन्हात तळ्यापर्यंत कोण जाणार? आसपासच्या गल्ल्यांत बातमी पसरली की सूतिकागृहाच्या पडवीत सावलीला मासे आहेत. मी सकाळच्या बाळंतपणात गुंतलेली असायची. बाहेर आले की वाळूवर पांढरा थर. पेटी केवढी, तर आमच्या कपड्यांच्या ट्रंकेएवढी. तळं जे पोटात घालतं ते ट्रंक कशी घालणार?

मी सांगून पाहिलं. एक म्हणाली, "मी फक्त माझ्याच घालते." दुसरी म्हणाली, "माझ्या बारीक असतात." तिसरीने तर गोळीत रामनामाची चिठ्ठी घातली होती, ती कशी बाधेल? पाटी लावली, पण वाचता येणाऱ्या बायका गोळ्या घालणाऱ्या नव्हत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "येणंच बंद करा सगळ्यांचं." ते मला पटलं नाही. बायका सूतिकागृहाच्या पायऱ्या चढायला अजूनही बिचकतात. माशांच्या निमित्ताने का होईना, चढू लागल्या होत्या.

मग एका सकाळी पडवीत आंबूस वास आला. पाणी भाताच्या पेजेसारखं झालं होतं. सोनेरी मासे हिंडत होते, नेहमीसारखे. शिंगटी मात्र खापरं सोडून वर आली होती, काचेला लागून उभी, तोंडं उघडी. मोठ्याच्या मिश्यांची टोकं लाल होऊन झडली होती. आणि खिडकीत सत्यम्मा कोपरावर रेलून बघत होती, जे तिला मना होतं.

"बाई, तो वर का आलाय?"

"उकडतंय त्याला," मी म्हटलं. "तू नीज. मी बघते."

बघायचं म्हणजे तळ उपसायचा. वरवरचं पाणी काढून उपयोग नाही; घाण खाली असते. मी एनिमाची एक जुनी नळी काढली, उकळून घेतली, एक टोक वाळूशी धरलं आणि दुसरं खाली बादलीत. नळी पाण्याने भरून सोडली की तळाचं गढूळ आपोआप ओढून येतं. अर्ध्याहून कमीच काढलं. एकदम सगळं पाणी बदललं तर मासे त्या धक्क्यानेच मरतात. पण बदल्यात घालायचं काय? नळाचं पाणी कढत. माठाचं घातलं तर गार. मी दोन्ही मिसळून कोपर बुडवून बघत बसले होते, तान्ह्याच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं, आणि लक्ष्मम्मा येऊन उभी राहिली. तिच्या हातात गोळ्यांचं ताट होतं.

"आज नाही," मी म्हटलं.

"न्हाई कसं? नवस मोडू? सुनेचं काय झालं तर तुमी घेणार काय अंगावर?"

"तुमच्या गोळ्यांनीच मरतायत ते."

तिच्या तोंडावरचा रंग उडाला. तिला जे म्हणायचं होतं ते तिला मराठीत सापडेना. तेलुगूत काहीतरी बोलली आणि ताट जमिनीवर ठेवून भिंतीला टेकून बसली. बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी खरं बोलले, पण आता ही बाई सुनेसमोर हेच तोंड घेऊन जाणार.

गंगव्वा गढूळ बादली उचलता उचलता म्हणाली, "एवढी काळजी हाय तर मग ह्यांच्यावर बी गळती लावा की, महादेवासारखी. वैशाखच हाय."

तिने टोमणा मारला होता. गळती म्हणजे वैशाखात पिंडीवर टांगतात ती घागर. बुडाला बारीक भोक, भोकात चिंधीची वात, थेंब थेंब पाणी दिवसभर पडत राहतं. मी बादली तिच्या हातातून घेऊन खाली ठेवली आणि म्हटलं, "जा, मागचा जुना माठ आण. आणि दाभण."

"अव्वा! मी चेष्टा केली. महादेवाला काय वाटंल?"

"त्याच्या डोक्यावर त्याची आहे. त्याची कोणी काढून आणत नाही."

तुळईला माठ टांगला. थेंब पेटीत पडू लागला, टप, टप. गार पाणी थेंबाथेंबाने आलं तर धक्का बसत नाही, पाणी हलतं राहतं, हळूहळू निवतं. मी लक्ष्मम्मापाशी जाऊन बसले.

"वैशाखात मोठं दान कशाचं?"

तिने ताट आणखी जवळ ओढलं.

"पाण्याचंच ना? पाणपोई घालतात, उदककुंभ देतात. मग तुम्ही जळचरांना अन्न का देता? अन्न त्याला मी देते. तुम्ही पाणी द्या. तेहेतीस गोळ्यांऐवजी तेहेतीस वाट्या पाणी, त्या माठात. पेटीत नाही. आणि जेवढं वरून घालाल तेवढं तळाचं काढायचं."

तिने त्या थेंबाकडे बघितलं. मग विचारलं, "काढलेलं पाणी कुटं टाकायचं? पायाखाली न्हाई यायला पायजे."

"लिंबाच्या झाडाला."

"मग चालतंय," ती म्हणाली. उठून हात खसखसून धुतले, कारण सुताचा रंग पाण्यात उतरला असता, आणि माझ्या हातातून नळी घेतली.

दुसऱ्या दिवसापासून पडवीवर तिचं राज्य झालं. कणकेचं ताट घेऊन आलेल्या बाईला ती पायरीवरच अडवायची. "गोळी न्हाई. पानी. आदी हात धुवा. अगं, उकळतं आणलंस काय, मासा शिजवतीस?" जे मी इतके दिवस सांगून झालं नव्हतं ते तिने दोन सकाळींत केलं. माझ्या सांगण्यात कारण होतं. तिच्या सांगण्यात पुण्य होतं. मला त्याचा राग आला नाही. काम झालं.

पाणी निवळलं. वास गेला. बारकी शिंगटी एकेक करून खाली गेली, खापराखाली शिरली. मोठा मात्र तसाच, कधी वर, कधी कलून मधेच. तळाच्या माशाला एकदा तळाचं विष भिनलं की नंतरच्या चांगल्या पाण्याचा उपयोग होतोच असं नाही. एका पहाटे मी आले तेव्हा तो वाळूवर आडवा होता. मी त्याला काढला, कागदात गुंडाळला, लिंबाखाली पुरला आणि हात धुऊन परत आले. सत्यम्माची सूज त्या दोन दिवसांत उलट वाढली होती. डोकं दुखतं म्हणत होती. डोकं दुखणं चांगलं लक्षण नव्हे.

गंगव्वा कुजबुजली, "भोयाला सांगते. तसलाच दुसरा आणून टाकंल. माशाच्या कपाळावर काय नाव लिवलंय?"

मी हो म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"नका आणू, बाई."

सत्यम्मा डाव्या कुशीवर, नेमून दिल्याप्रमाणे निजलेली होती. डोळे उघडे.

"कालच गेला तो," ती म्हणाली. "अंधार पडायच्या आदी बघितलं मी. हलला न्हाई."

"मग मला हाक का मारली नाहीस?"

"मी हात ठेवून पडले पोटावर. म्हटलं, आता ह्याचं बी थांबतंय. बघत ऱ्हायले. तो तिकडं तसाच पडलेला, आनि हे हिकडं लाथा मारतंय." तिने तोंडावर पदर घेतला, मला वाटलं रडते आहे, पण ती हसत होती. "लई लाथा, बाई. मग झोप लागली मला."

मी तिची नाडी बघितली. त्या दिवसांत पहिल्यांदाच ती बरी लागली.

"अत्तम्माला सांगू नका," ती सासूबद्दल म्हणाली. "तिला झोप लागायची न्हाई. पहिल्या खेपेपासून ती झोपलीच न्हाई नीट."

एवढे दिवस आम्ही सगळे त्या पोरीला जपत होतो. ती खाटेवरून सासूला जपत होती, आणि त्यासाठी तिला कुठल्या माशाची गरज लागली नाही.

लक्ष्मम्मा आली. नळी घेऊन बसली, वाकून खापराखाली बघितलं. तिथे आता मधल्या आकाराचा एक शिंगटा शिरला होता.

"ह्यो बारीक दिसतोय आज."

मी औषधाच्या बाटल्या पुसत होते. पुसतच राहिले. गंगव्वा म्हणाली, "अधिक महिना हाय, लक्ष्मम्मा. उपास करत असंल."

खिडकीतून पुन्हा पदरातलं हसू ऐकू आलं. लक्ष्मम्माने तिकडे एकदा बघितलं, मग पाण्याकडे. नळी वाळूशी धरली.

महिना सरत आला तेव्हा, भर दुपारी, सत्यम्माला कळा सुरू झाल्या. झटके येतील म्हणून डॉक्टरीणबाईंनी खोली अंधारी करवली, सगळ्यांना गप्प बसवलं. बाहेर एवढं शांत की माठाचा थेंब आत ऐकू येत होता. तिने दात ओठात रोवले, पण आरडाओरडा केला नाही. झटका आला नाही. दिवस कलता कलता मुलगी झाली, अंगाने किरकोळ, रंगाने लालबुंद, आणि आवाज आजीचा. लक्ष्मम्माला सांगायला मी बाहेर गेले. तिने आधी विचारलं, "सून?" मी म्हटलं, "चांगली आहे." मग विचारलं, "पापा?" त्यांच्यात तान्ह्याला पापा म्हणतात. मी म्हटलं, "ऐकू येत नाही का तुम्हाला?" तेव्हा ती तिथेच पायरीवर बसली आणि बसल्या जागी तिला झोप लागली.

बायकांची व्रतं मी मोडत नाही आणि त्यांना हातभारही लावत नाही, असं माझं धोरण असे. त्या महिन्यानंतर त्यात थोडा फरक पडला. नवस हा बहुतेक वेळा भीतीला दिलेला उद्योग असतो. तो काढून घेतला तर हाताला भीतीच उरते. म्हणून आता मी आधी बघते की त्या हातांना दुसरं कोणतं काम देता येईल, मग बोलते. तसं काम दर वेळी सापडत नाही. सापडलं नाही तर मी पूर्वीसारखीच खेकसते.

घरी जायच्या दिवशी लक्ष्मम्मा मुलीला धडप्यात गुंडाळून पडवीत आली. सत्यम्मा मागून भिंत धरून, हळूहळू. टांगा दारात उभा होता. मला अर्धवट ठेवलेलं काही आवडत नाही. आता सांगायला हरकत नव्हती.

"लक्ष्मम्मा, तो मोठा मासा गेला. बाळंतपणाच्या आधीच."

तिने पेटीकडे बघितलं नाही. हातातल्या मुलीकडे बघितलं. मुलगी जांभई देत होती.

"मग बाकीचे कसे ऱ्हायले?"

"तुम्ही रोज तळाचं पाणी काढलंत म्हणून."

टांगेवाल्याने हाक मारली. ती हलली नाही.

"आज काढलं काय कुनी?"

"नाही. तुमचा नवस तर फिटला. आता..."

"नवस फिटला, बाई," ती म्हणाली, "पन पानी घाण व्हायचं थांबलंय काय?" आणि मुलीला माझ्या हातांत देऊन तिने पदर खोचला, नळी उचलली आणि वाळूशी वाकून बसली. टांगेवाला ओरडत होता. सत्यम्मा भिंतीला टेकून हसत होती. मला आत चार कामं होती. पण हात भरलेले, म्हणून बादली भरेपर्यंत मी तशीच उभी राहिले.